सैल जाळं

आमच्या हेडसाहेबांना कुठलंही जाळं दिसलं की ते आधी त्याला तळहातानं ढकलून बघत. मग ते कोळणीच्या पाटीवरचं असो, कोंबड्यांच्या खुराड्याचं असो, नाहीतर कुणाच्या अंगणातल्या दुधीच्या मांडवावर टाकलेलं असो. जाळं ढकलायचं, हात काढून घ्यायचा आणि ते किती वेळ डुलतं हे मान तिरकी करून पाहत राहायचं. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नात त्यांनी बोहल्यामागची फुलांची जाळी अशीच ढकलून पाहिली आणि ती सगळीच्या सगळी भटजींच्या अंगावर आली. मंगलाष्टकं थांबली. "गाठी कच्च्या आहेत," एवढंच हेडसाहेब म्हणाले आणि अक्षता टाकायला शांतपणे मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

ते अंबरनाथच्या एका कारखान्यात हेड ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढत असे. काळ पन्नास सालानंतरचा. देश नवा होता, कारखाना नवा होता आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या खुर्च्याही नव्या होत्या. त्यामुळे त्यांत जो तो जरा जास्तच ताठ बसे. हेडसाहेब मात्र टेबलावर पोट टेकवून, जवळजवळ कागदावर आडवे होऊन रेघ ओढत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. एरवी वर्क्स मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते 'हेडसाहेब', आणि ते स्वतः सगळ्यांना, झाडूवाल्यालाही आणि बायकोलाही, 'तुम्ही' म्हणत. यात काही तत्त्व असणार असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "कोणाला अरे आणि कोणाला अहो हे लक्षात ठेवायला डोकं खर्च होतं. मी एकच माप ठेवलंय."

त्यांना क्रिकेटचं वेड होतं असं कारखान्यात सगळे समजत. ते खरं नव्हतं. क्रिकेटच्या सामन्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना वेड होतं ते नेटचं. सरावासाठी बांधतात ती लांबट कोठडी. दोन्ही बाजूंना, मागे आणि डोक्यावर जाळं. आत एकजण बॅट घेऊन उभा राहतो, बाकीचे समोरून पाळीपाळीनं चेंडू टाकतात आणि तो कितीही जोरात मारला तरी जाळ्यात अडकून तिथल्या तिथे पडतो. कुणी धावत नाही, धावा मोजत नाही, टाळ्या वाजवत नाही.

"मॅचमध्ये माणूस एकदा आउट झाला की घरी जातो," ते म्हणत. "नेटमध्ये आउट होतो आणि पुढचा चेंडू खेळतो. यातली शहाण्या माणसानं काढलेली व्यवस्था कोणती, तुम्हीच सांगा."

स्वतः ते जन्मात एकही मॅच खेळले नव्हते. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "मैदान फार मोठं असतं हो."

वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, या वेडाचं कौतुक नव्हतं. मी कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेलो की त्या चहा पुढे ठेवता ठेवता माझ्याकडे बघून बोलत, पण ते ऐकायचं असे हेडसाहेबांनी. "घरातल्या मच्छरदाणीला भोक पडलंय ते ह्यांना दिसत नाही, आणि गावभरच्या जाळ्यांच्या गाठी तपासत हिंडतात."

"तुम्ही मच्छरदाणी फार ताणून बांधता," हेडसाहेब कपातून डोकं वर न काढता म्हणत. "सैल सोडली असतीत तर फाटली नसती."

"सैल सोडली की डास शिरतात."

"शिरू देत. ते आपलं ऐकतील, आपण त्यांचं ऐकू."

सैल हा त्यांचा आवडता शब्द होता. नेट निवडताना लोक हमखास चुकतात ते इथेच, असं त्यांचं म्हणणं. जाळं कसं तंबोऱ्याच्या तारेसारखं ताणलेलं असावं असं सगळ्यांना वाटतं, कारण ते दिसायला झोकदार दिसतं. पण ताणलेलं जाळं चेंडू उलटा तोंडावर फेकतं. सैल जाळं आधी त्याचं ऐकून घेतं, मग त्याला खाली ठेवतं. पुढे पुढे ते माणसांनाही हेच माप लावू लागले. कुणी नवा अधिकारी आला आणि मी विचारलं, "कसा आहे?" तर म्हणत, "ताणलेला आहे. जरा लांबून खेळा."

कारखान्याच्या आवारात नेट बांधायची परवानगी त्यांना जुन्या वर्क्स मॅनेजरांनी दिली होती, आणि तीही बदली होऊन जाता जाता. निघालेला माणूस उदार असतो. पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा मिळाली. ती हेडसाहेबांनी सकाळ-संध्याकाळ उन्हात उभं राहून तपासली आणि नेट उत्तर-दक्षिण ठेवलं, म्हणजे मावळतीचा सूर्य ना बॅट्समनच्या डोळ्यांत जाणार, ना बॉलरच्या. भंगारातले पाइप खांबांसाठी मिळाले. ते त्यांनी जाळ्याच्या बाहेरून रोवून घेतले, कारण आत असलेल्या खांबाला लागलेला चेंडू कुणाचं कपाळ शोधील ते सांगता येत नाही. उरला प्रश्न जाळ्याचा. पहिलं जाळं खाडीवरच्या कोळ्याकडून आणलं. ते सर्व दृष्टींनी उत्तम होतं. पण त्याचा वास जाईना, आणि काही दिवस आमच्या नेटमध्ये बॅट्समनपेक्षा मांजरं जास्त दिसू लागली.

मग आम्ही दोघं सायकलींवरून कॅम्पात गेलो. उल्हासनगर हे नाव तेव्हा कोरं होतं, आम्ही सगळे 'कॅम्प'च म्हणत असू. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकींत आता सिंधमधून आलेली माणसं राहत होती. पोत्यांचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार चालत. बराकींपुढे फळकुटं टाकून दुकानं मांडलेली. लष्करानं जाताना जे जे मागे टाकलं ते ते तिथे विकायला असे: तंबू, पाण्याच्या बाटल्या, एकाच पायाचे बूट. चेलाराम नावाच्या एका दुकानदाराकडे जाळ्यांचा ढीग पडलेला होता.

"साईं, ये तोप छुपाने का जाल है," चेलाराम म्हणाला. "ऊपर से हवाई जहाज को कुछ नहीं दिखता."

"हमको कुछ छुपाना नहीं है," हेडसाहेब म्हणाले. "बॉल अडकना चाहिए."

आणि त्यांनी कोटाच्या खिशातून क्रिकेटचा चेंडू काढला. चेलारामला आम्ही गिऱ्हाइक आहोत की आणखी कोणी, हे त्या क्षणी नक्की कळेना. पण त्यानं निमूटपणे एक जाळं बांबूवर टांगून दिलं. हेडसाहेबांनी चेंडू फेकला. त्या जाळ्याची भोकं मोठी होती. चेंडू आरपार गेला आणि शेजारी वाळत घातलेल्या पापडांत घुसला. पापडवाल्या बाईंनी सिंधीत जे काही म्हटलं ते आम्हाला समजलं नाही, पण चेलारामनं कान झाकले. दुसऱ्या जाळ्याला डांबर फासलेलं होतं, ते फळीसारखं कडक. चेंडू उलटून चेलारामच्याच पोटावर आला. तिसऱ्या जाळ्यानं चेंडू पोटात घेतला, जरासं मागे सरलं आणि तो अलगद खाली सोडला. हेडसाहेब जवळ गेले, तळहातानं ढकललं, डुलू दिलं.

"हे," ते म्हणाले.

चेंडू उचलून द्यायला चेलाराम वाकला होता. तो तसाच थांबला. चेंडू त्यानं शिवणीवर दोन बोटं टाकून धरला, मग तळहातात फिरवला, मग परत बोटांत. हेडसाहेब त्याच्या बोटांकडे बघत होते.

"कहाँ खेलते थे?"

"हैदराबाद. सिंधवाला हैदराबाद."

"बॉलर?"

"ना साईं, बॅट्समन." चेंडू परत देत चेलाराम म्हणाला, "अब काहे का बॅट्समन. आउट हो गये, घर से भी और खेल से भी."

हेडसाहेबांनी चेंडू कोटाच्या खिशात टाकला. मग आपल्या त्या भयंकर हिंदीत म्हणाले, "हमारे इधर आउट होने के बाद भी खेलने को मिलता है. इतवार को आओ."

त्या जाळ्याचा सौदा झालाच नाही. चेलारामनं ते विकायचं नाही म्हणून सांगितलं. जाळं माझं, खांब तुमचे, आणि इतवारी मी खेळणार, असं ठरलं.

त्या नेटमध्ये हेडसाहेबांचा एकच नियम होता. बॅट्समनच्या पायाशी थांबलेला किंवा जाळ्यातून खाली पडलेला चेंडू त्यानं स्वतः, वाकून, हातानं उचलायचा, धूळ पुसायची आणि एक टप्पा देऊन बॉलरच्या हाती पोचवायचा. बॅटनं ढकलायचा नाही, पायानं लोटायचा तर मुळीच नाही. "चेंडू टाकणारा तुमचा नोकर नाही," एवढंच ते समजावून सांगत.

सांगायला सोपं आहे. पण कारखान्यात चेंडू टाकणारे बहुतेक कामगार आणि बॅट धरणारे बहुतेक साहेब, आणि साहेब लोकांना वाकायची सवय फक्त वरच्या साहेबांपुढे. सुरुवातीला पुष्कळांची कंबर दुखू लागली. अकाउंट्स ऑफिसरांची खरंच दुखत असे. ते नेटला यायला लागल्यापासून मात्र थांबली. त्यांच्या पत्नीनं हेडसाहेबांकडे बेसनाचे लाडू पाठवले. मी ते खाल्ले आहेत.

नियमाची दुसरी बाजू मला दिसली ती भोईरमुळे. भोईर टर्नर होता, बदलापूरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायचा. त्याला बॉलर म्हणून घेतलेला. बॅट त्यानं कधी धरली नव्हती. हेडसाहेबांनी एक दिवस ती त्याच्या हातात दिली आणि चेंडू दिला अकाउंट्स ऑफिसरांच्या.

भोईर घाबराघुबरा झाला. "साहेब मना बॉल टाकनार?"

"टाकणार. तुम्ही मारायचा आणि परत द्यायचा. बाकी काही नाही."

पहिला चेंडू त्यानं कोयत्यानं फांदी तोडावी तसा मारला. मग तो उचलला, शर्टाला पुसला आणि टप्पा टाकायचं विसरून, दोन्ही हातांत धरून, देवळात नारळ द्यावा तसा अकाउंट्स ऑफिसरांना नेऊन दिला. सगळे हसले. हेडसाहेब हसले नाहीत. "टप्पा, भोईर. एक टप्पा द्यायचा," ते म्हणाले. वर्षभरात भोईर असा खेळू लागला की शिफ्ट सुटलेले लोक डबे हातात घेऊन टाकीमागे उभे राहत. तो मारी आणि जाळं नुसतं हुंकार दिल्यासारखं हलून थांबे. चेलाराम म्हणायचा, "साईं, ये लडका गाता है."

नवे वर्क्स मॅनेजर आले ते विलायतेत शिकून, पाइप ओढत. ते खोलीत शिरले की खोलीनं अटेन्शनमध्ये उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असे. आपण खेळाडू वृत्तीचे आहोत हे ते आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत. एका संध्याकाळी ते पांढरीशुभ्र पँट घालून नेटवर आले. मागे शिपाई, शिपायाच्या हातात बॅट. बॉलिंगला भोईर होता. पहिला चेंडू साहेबांनी चांगला अडवला. तो त्यांच्या बुटाशी थांबला.

साहेब उभे. भोईर उभा. चेंडू पडलेला.

"उचल रे," साहेब शिपायाला म्हणाले आणि बॅटच्या टोकानं त्यांनी चेंडू त्याच्याकडे ढकलला.

हेडसाहेब पुढे आले. "साहेब, चेंडू."

"दिसतोय मला."

"तो बॅट्समननं द्यायचा असतो. हातानं."

"असं? कुठल्या रूलबुकात आहे हे?"

"रूलबुकात नाही. या नेटमध्ये आहे."

साहेबांनी ग्लोव्ह्ज काढले, एकेक बोट सावकाश सोडवत. बॅट शिपायाकडे दिली आणि ते चालू लागले. हेडसाहेबांनी वाकून चेंडू उचलला, पुसला, एक टप्पा देऊन भोईरच्या हातात पोचवला आणि विचारलं, "पुढचे कोण?"

"ताणलेले आहेत," नंतर सायकलीला पाय लावता लावता ते मला म्हणाले. "पण अडवला छान."

थोड्याच दिवसांत कळलं की पाण्याच्या टाकीमागे एक कारंजं होणार आहे. कुणी बडे पाहुणे कारखाना पाहायला येणार होते आणि पाहुण्यांना कारंजं दाखवल्याशिवाय कारखाना दाखवता येत नाही. नेट काढायचं. आणि कारंज्याचं ड्रॉइंग, ते अर्थातच हेड ड्राफ्ट्समननं करायचं.

मला वाटलं, ते चिडतील, निदान चालढकल करतील. त्यांनी नेहमीप्रमाणे टेबलावर आडवं होऊन त्या कारंज्याचं ड्रॉइंग काढलं. सुंदर काढलं. वर फक्त एवढं म्हणाले, "टाकीमागची जागा उंचावर आहे, तिथे पाण्याला जोर राहणार नाही. ऑफिससमोर घेतलं तर राहील." साहेबांना तो आडमार्गानं केलेला अर्ज वाटला. पण अकाउंट्स ऑफिसर आणि आणखी चार-पाच जण त्यांना जाऊन भेटले. तेव्हा सगळ्यांदेखत साहेबांनी पाइप तोंडातून काढला आणि एक खेळाडू वृत्तीचा निर्णय दिला. कल्याणच्या संघाशी आपली मॅच ठरलीच आहे. नेटचा काही उपयोग असेल तर तो मैदानावर दिसेल. जिंकलात, तर कारंजं ऑफिससमोर. हरलात, तर नेट खाली. कोंबड्या नसतील तर खुराडं कशाला ठेवायचं?

हेडसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते. "म्हणजे परीक्षा," ते म्हणाले. टोक तुटलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या टीमचं कॅप्टनपद त्यांनी नाकारलं. खेळायला तर नाहीच. पण त्या काळी अशा सामन्यांत बॅटिंग करणाऱ्या बाजूचेच लोक अंपायर म्हणून उभे राहत, आणि नियम पाठ असलेला आमच्याकडे दुसरा कोणी नव्हता. वहिनींनी धुऊन कडक इस्त्री केलेला पांढरा कोट घालून हेडसाहेब आयुष्यात प्रथम मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. लांबून ते कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखे दिसत होते.

मी स्कोअर लिहायला बसलो होतो. शेजारी वेताच्या खुर्चीवर वर्क्स मॅनेजर, पलीकडे गवतात बसलेला चेलाराम. तो कारखान्याचा माणूस नसल्यामुळे टीममध्ये नव्हता. कल्याणवाल्यांनी बऱ्यापैकी धावा केल्या आणि मग आमची बाजू खेळायला आली. पहिल्या काही चेंडूंतच आमच्या माणसांचं शिक्षण उघडं पडलं. फटके डोळ्यांचं पारणं फिटावं असे, पण मारल्यावर जो तो जागच्या जागी उभा राहून चेंडूकडे कौतुकानं बघे. नेटमध्ये वाढलेल्या माणसाला धावायचं असतं हे आठवावं लागतं. "अरे पळ! पळ की!" असं सगळं अंबरनाथ ओरडत होतं. त्यात दोघं रनआउट झाले. तिसऱ्याला चेलारामनं सिंधीत शिव्या दिल्यावर तो पळाला.

पण भोईर टिकला. एका बाजूनं गडी जात राहिले आणि तो खेळत राहिला. शेवटी अकाउंट्स ऑफिसर समोर उरले, आणि जिंकायला एकदोन चांगल्या फटक्यांचं काम. वर्क्स मॅनेजरांचा पाइप विझला होता, पण ते तो तसाच ओढत होते.

कल्याणचा बॉलर एक लांब टांगांचा, काळासावळा गडी होता. त्यानं चेंडू टाकला. भोईरनं पुढे पाय टाकून, मान खाली घालून, तो नेटमध्ये शेकडो वेळा अडवला असेल तसा मऊ अडवला. चेंडू त्याच्या पायाशी थांबला.

भोईर वाकला. त्यानं चेंडू हातानं उचलला, धूळ पुसली आणि एक सुरेख टप्पा देऊन बॉलरकडे पोचवला.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग त्यांचा विकेटकीपर एवढ्यानं ओरडला की टाकीवरचे कावळे उडाले. खेळ चालू असताना बॅट्समननं चेंडूला हात लावला, तर तो आउट असतो. समोरच्या बाजूनं चेंडू मागितला असेल तरच नसतो. मागितल्याचं आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

"काय चुकला, साहेब?" भोईरचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. तो खरोखरच विचारत होता.

बॉलरच्या बाजूला, विकेटमागे हेडसाहेब उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि बोट वर केलं.

मॅच संपली. लोक मैदानात शिरले. अकाउंट्स ऑफिसर पॅड न सोडताच हेडसाहेबांच्या अंगावर गेले. "अहो, बॉलरनं मागितला होता म्हणायचं! कोण बघायला आलं होतं? अंपायर आपले, बोट आपलं!" हेडसाहेब कोटाची बटणं सोडत राहिले. वर्क्स मॅनेजर जवळ आले आणि इंग्रजी पद्धतीनं हात पुढे करून म्हणाले, "शिकवलंत उत्तम, हेडसाहेब."

"हो," हेडसाहेब म्हणाले. "शिकवलं मीच."

दुसऱ्या दिवशी भोईर कामावर आला नाही. संध्याकाळी हेडसाहेबांनी सायकल काढली; मीही निघालो. पाड्यावर पोचलो तेव्हा तो भाताच्या खळ्याच्या कडेला बसला होता. आम्हाला बघून उठला, पण वर बघेना.

"माझ्यापायी नेट गेला, साहेब."

"तुमच्यापायी नाही. उद्या या. जाळं उतरवायचंय."

"मी नाय येत."

"गाठी तुम्ही मारल्या आहेत. दुसरा आला तर कापील."

तो आला. एकही गाठ कापली नाही. चेलाराम हातगाडी घेऊन आला आणि आपलं जाळं घेऊन गेला. कारंजं झालं. ड्रॉइंगप्रमाणे अगदी बिनचूक झालं. पाहुण्यांनी कळ दाबली तेव्हा त्यातून वितीएवढं पाणी वर आलं, वर्क्स मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाहुणे अजून उभे असतानाच ते खाली बसलं. पुढे त्यात बेडूक राहू लागले. पावसाळ्यात ते फार मन लावून ओरडत, आणि ड्रॉइंग ऑफिसात हेडसाहेब मान तिरकी करून ऐकत.

नेट मात्र जास्त दिवस खाली राहिलं नाही. चेलारामनं ते कॅम्पात, बराकींच्या मागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. खांब तंबूचे, खेळपट्टीवर अंथरायच्या मॅटिंगच्या जागी काथ्याच्या जुन्या चटया. हेडसाहेब रविवारी पहाटेच तिकडे जात, सूर्याची दिशा तपासून त्यांनी ते दोनदा फिरवून घेतलं होतं. भोईर येई, मी जाई, कधीकधी अकाउंट्स ऑफिसरही कंबर धरून येत. कॅम्पातली माणसं जमत. त्यांतल्या पुष्कळांनी सिंधमध्ये असताना काही ना काही खेळून सोडलेलं होतं. नियम तोच. "साईं, ये आदत मैच में मारती है," चेलाराम प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगे, आणि मग त्याच्याकडून तो नियम पाळून घेई.

अशाच एका रविवारी कल्याणचा तो लांब टांगांचा बॉलर तिथे आला. कॅम्पात स्वस्त कापड घ्यायला आला होता. नेट दिसलं म्हणून थांबला, मग हेडसाहेब दिसले म्हणून घुटमळला. शेवटी जवळ आला.

"साहेब, त्या दिवशी तुम्हीच अंपायर होता ना? एक राहून गेलंय." त्यानं बगलेतली कापडाची पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली. "त्या बॉलला मी हात पुढे केला होता. 'दे' म्हणून. बोललो नाही, पण हात केला होता. म्हणजे तो आउट नव्हता. आमचे लोक असे ओरडायला लागले की माझ्या तोंडातून काही निघेना. तुम्ही मागे होता, तुम्हाला तो हात दिसला नसणार."

"दिसला," हेडसाहेब म्हणाले.

भोईर रनअपसाठी मागे गेला होता, तो चेंडू हातात घेऊन तसाच परत आला. "दिसला?"

"स्पष्ट दिसला."

"मंग तवाच सांगायचा ना, साहेब! मी दोन दिस जेवलो नाय. आयशी रडली माझी."

"ती चूक झाली," हेडसाहेब म्हणाले. "तुमच्या आईंना भेटायला हवं होतं."

"पण मग आउट का दिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण चेलारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नियमाप्रमाणे नॉटआउट होता. आपण जिंकलो असतो. नेट राहिलं असतं."

"ह्यांनी हात केला हे खरं," हेडसाहेब म्हणाले. "पण भोईरांनी तो कुठे पाहिला? ते मान खाली घालून चेंडू पुसत होते. ह्यांनी हात केला नसता तरी त्यांनी तो दिलाच असता. मागितला म्हणून दिला, असं मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. सवयीनं दिला. आणि सवय भोईरांची नव्हती, माझी होती." त्यांनी शेजारच्या जाळ्याला तळहात लावला, ढकललं आणि सोडलं. ते डुलत राहिलं. "तेव्हा आउट भोईर नव्हते. मी होतो."

हा न्याय होता की निव्वळ हट्ट, हे मी अजून ठरवलेलं नाही. कुठल्याही कोर्टात तो टिकला नसता. भोईरनं काही ठरवायची वाट पाहिली नाही. त्यानं हातातला चेंडू त्या कल्याणवाल्याच्या हातात कोंबला आणि हेडसाहेबांकडे बोट दाखवलं. "यांना टाक. जोरात टाक."

हेडसाहेबांनी चष्मा पुसला, चेलारामकडून बॅट घेतली आणि आत जाऊन उभे राहिले. बॉलरनं पिशवी खाली ठेवली, लांब मागे गेला आणि खरोखरच जोरात टाकला. मधला स्टंप उडून जाळ्यात जाऊन पडला. जाळ्यानं तो झेलला, जरासं मागे सरलं आणि खाली ठेवला. बराकींपुढची माणसं ओरडली. भोईर सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

हेडसाहेबांनी स्टंप उचलून जागेवर रोवला. मग वाकून चेंडू उचलला, धूळ पुसली आणि एक टप्पा देऊन तो बॉलरच्या हाती पोचवला.

"टाका," ते म्हणाले.